आत एकच माणूस

दुसऱ्या मजल्यावरच्या त्या तीन खोल्यांत मिळून एक लेथ, दोन पॉलिशची चाकं, चार टेबलं, सहा खुर्च्या, पाच स्टुलं, एकशे बेचाळीस प्रमाण वजनं, एक पितळी घंटा आणि सात माणसं होती. सातवी ती स्वतः. ही मोजदाद तिने नोकरीच्या पहिल्याच दिवशी केली, कारण त्या दिवशी तिला कोणी दुसरं काम दिलं नव्हतं आणि हाताची घडी घालून बसणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"स्टुलं सहा आहेत," लेथ चालवणारे नाना म्हणाले.

"एकाला दोनच पाय आहेत."

"मग?"

"मग साडेपाच लिहू का?"

नाना लेथ बंद करून हसले. त्या दिवसापासून तिचं नाव पडलं दशांश. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं.

मालक तिचे काका होते, वडिलांचे धाकटे भाऊ. पण तिथे सगळेच त्यांना काका म्हणत. सख्ख्या पुतणीचा हक्क चालवायला ती गेली की ते म्हणायचे, "इथे मी सगळ्यांचा सारखाच काका आहे. रांगेत ये." फक्त नाना, वयाने तीन वर्षं मोठे, त्यांना 'मालक' म्हणायचे, आणि तेही चिडवायचं असेल तेव्हा. म्हणजे दिवसातून बऱ्याचदा.

काम असं होतं. दुकानदार, औषधांचे कारखाने, प्रयोगशाळा आपापली वजनं इथे पाठवायच्या. ती इथल्या प्रमाण वजनांशी ताडून पाहायची आणि किती कमी, किती जास्त ते प्रमाणपत्रावर लिहून द्यायचं. नाना नवी वजनं कातायचे, दोघे भाऊ त्यांना पॉलिश करायचे, एक वहिनी कागदपत्रं आणि टपाल बघायच्या. पण कंपनीचा जीव होता तिसऱ्या, सगळ्यात लहान खोलीत. तीन मीटर लांब, अडीच मीटर रुंद. आत दगडी ओट्यावर काचेच्या पेटीत एक तराजू. मिलिग्रॅमचे शंभर भाग केले तर त्यातला एक भाग दाखवणारा. मिठाचा बारीक दाणा ठेवला तरी त्याच्या आकड्यांची धांदल उडायची. या खोलीच्या दारावर पुठ्ठ्याची पाटी होती, बावीस वर्षं जुनी, काकांच्या वळणदार अक्षरात: 'वजन चालू असताना आत एकच माणूस.'

तो एक माणूस म्हणजे ताई. एकोणीस वर्षं त्या दगडी ओट्यापुढे बसत होत्या. चिमटा कसा धरायचा हे त्यांना काकांनी शिकवलं होतं, आणि आता त्यांच्यासारखा चिमटा काकांनाही धरता येत नव्हता. आधी आपलं वजन ठेवायचं, मग गिऱ्हाइकाचं, परत गिऱ्हाइकाचं, परत आपलं. ताई ते पुटपुटत करायच्या: "आपलं, त्यांचं, त्यांचं, आपलं." हेच दहा वेळा. दहा उत्तरांतलं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात लहान यांत जे अंतर पडेल त्याला तिथे सगळे 'पसारा' म्हणायचे. पसारा जितका कमी, तितकं काम चोख. एरवी तो शून्य पूर्णांक शून्य आठ मिलिग्रॅमच्या आसपास असायचा. शून्य पूर्णांक एकच्या वर गेला की ते सगळं मोजणं बाद.

आणि रोज सकाळी नऊ वाजता काका पितळी घंटा वाजवायचे. तीन टोले. तोपर्यंत सातही माणसं आत पाहिजेत.

एका सोमवारी, तिसरा टोला विरायच्या आत, ताई काकांच्या टेबलापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"काका, मला पहाटे यायचंय."

"कुठे?"

"इथेच. साडेपाचला येईन, नऊला जाईन. वजनं तेवढ्या वेळात होतात. आकडेमोड आणि प्रमाणपत्रं घरून करीन."

काकांनी चष्मा काढला. "आणि नऊनंतर?"

"नऊनंतर आई."

ताईंची आई न्हाणीघरात पडली होती. खुब्याचं हाड जुळलं, पण त्या तीन महिन्यांत आठवणींचे सांधे निखळले. ताईंचे यजमान शहराच्या बसवर चालक, दहा ते सहा ड्यूटी. सकाळी साडेनऊपर्यंत ते घरी असत, त्यानंतर आईजवळ कोणी नाही. सांभाळायला ठेवलेली पहिली बाई चौथ्या दिवशी गेली. दुसरीला आईनेच चोर ठरवून घालवली.

"नाही," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण चष्मा परत लागला होता. "ताई, तुझ्या आईसाठी लागेल ते सांग. डॉक्टर सांग, गाडी सांग. पण ही वेळ मोडू नको. सगळी माणसं एका वेळी एका छपराखाली असली की तिला कंपनी म्हणतात. नाहीतर ती बसथांब्यावरची गर्दी."

हे ते उगाच बोलत नव्हते. सुरुवातीला त्यांचा एक भागीदार होता, अतिशय हुशार, मनाला येईल तेव्हा उगवणारा. एका आठवड्यात एक मोठं गिऱ्हाईक तीनदा येऊन बंद दार बघून गेलं, ते कायमचंच. त्यातून उठायला चार वर्षं लागली. भागीदार गेला त्या महिन्यात नानांनी उरलेल्या पितळेतून घंटा कातून दिली. काकांना ती घंटा ऐकली की पोटात शांत वाटायचं, असं काकूच सांगायच्या.

दशांशने मध्ये तोंड घातलं. "काका, ताई गेल्या तर सही कोण करणार?"

"तू."

"मी दोन वर्षांनी. हात बसायला तेवढा वेळ लागतो. आणि मुख्य प्रयोगशाळेचं बंद वजन महिनाअखेर येतंय."

"एवढी शिकलीस ना तू?"

"शिकलेय म्हणूनच सांगतेय की मला येत नाही."

बंद वजन म्हणजे परीक्षा. दर दोन वर्षांनी मुख्य प्रयोगशाळा एक शंभर ग्रॅमचं वजन मोहोरबंद डबीत पाठवायची. त्याचं खरं माप फक्त त्यांना ठाऊक. इथे तोलायचं, उत्तर कळवायचं. फरक शून्य पूर्णांक शून्य पाच मिलिग्रॅमपेक्षा जास्त निघाला तर प्रमाणपत्र द्यायचा अधिकार जायचा, आणि त्याबरोबर औषधवाले दोघे जायचे. त्या दोघांवर निम्म्याहून जास्त काम चालत होतं. उत्तराखाली चालणारी सही एकच होती, ताईंची.

नाना लेथपासून ओरडले, "मालक, द्या की महिनाभर! घंटा आपण सहा जणांसाठी वाजवू. कानाला फरक कळायचा नाही."

काकांनी घंटेची दोरी उगाच सरळ केली. मग म्हणाले, "एक महिना. पण पसारा वाढला तर नऊ म्हणजे नऊ."

पहिल्या दिवशी पसारा आला शून्य पूर्णांक शून्य चार. दुसऱ्या दिवशी शून्य पाच. दशांशने आकडे दोनदा तपासले आणि आनंदाने लेथभोवती एक चक्कर मारली. कारण तिला समजत होतं. पहाटे लेथ बंद, रस्ता झोपलेला, दारं उघडत-मिटत नाहीत, इमारतीची थंड हवा आठनंतर सुरू होते म्हणून तोवर आतली हवा जागची हलत नाही. एकोणीस वर्षं ताई गोंगाटात तोलत होत्या आणि कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पसारा आला शून्य पूर्णांक सतरा.

चौथ्या दिवशी एकोणीस. मग सोळा, मग अठरा. पुढच्या सोमवारी मध्येच शून्य चार, आणि मंगळवारी परत सतरा. दोन आठवड्यांत, म्हणजे कामाच्या बारा दिवसांत, तीन चांगले आणि नऊ बाद. ती नऊ दिवसांची कामं ताईंना परत करावी लागणार होती.

"बघितलंस?" काका दशांशला म्हणाले. रागावले नव्हते, उलट तोंड उतरलं होतं. "घड्याळाकडे बघत तोललं की हात हलतो. मला आनंद नाही गं होत हे बोलताना." आणि बोलता बोलता त्यांना एवढी मोठी जांभई आली की नानांनी लेथ थांबवला.

"मालक, अकराच वाजलेत. सांभाळा, तोंडात माशी जाईल."

"चालायला जातो हल्ली. डॉक्टरांनी सांगितलंय," काका म्हणाले आणि दहा मिनिटांत फायलीवर मान टाकून घोरायला लागले.

दशांशने तराजूची पातळी तपासली, पारडं पुसलं, पेटीतल्या तापमापकाच्या नोंदी काढल्या. चांगल्या तीन दिवसांत रेघ सपाट होती. बाद नऊ दिवसांत ती सहाच्या सुमाराला चढायला लागायची आणि अर्ध्या तासात तीन दशांश अंश वर जायची. ताई त्याच, खोली तीच, तराजू तोच. मग पहाटे सहा वाजता त्या खोलीत ऊन आल्यासारखं ऊबदार काय होत होतं?

विचारायला ती संध्याकाळी चारला ताईंच्या घरी गेली, प्रमाणपत्रांचे कोरे कागद द्यायच्या निमित्ताने.

दोन खोल्यांचं घर. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला ताईंचे आकडे, दुसऱ्या टोकाला आई धुतलेल्या रुमालांच्या घड्या घालत होती. घातली की मोडायची, मोडली की घालायची.

"किती वाजले?" आईने विचारलं.

"चार बारा, आई," ताई म्हणाल्या.

"ताई, सहा वाजता तुम्ही खोलीत काही लावता का? दिवा, शेगडी?"

"नाही गं."

"किती वाजले?"

"चार तेरा, आई."

दशांशने चाळीस मिनिटांत मोजलं. आईने वेळ सतरा वेळा विचारली. ताईंनी सतराही वेळा घड्याळाकडे बघून मिनिटासकट खरी वेळ सांगितली. एकदाही 'आत्ताच सांगितलं ना' नाही, एकदाही अंदाजपंचे उत्तर नाही.

"माझा हात बदलला असेल," ताई शेवटी म्हणाल्या. त्यांनी वहीखालून एक पाकीट अर्धं ओढून दाखवलं आणि परत सारलं. "महिना संपला की देणार. कंपनी माझ्यापायी अडायला नको. बंद वजन तेवढं तोलून जाते."

"तुमचा हात बदललेला नाही. तीन दिवस शून्य चार-पाच आलंय. हात काय आठवड्यातून एकदा बरा होतो?"

ताईंनी आईच्या ढिगातला एक रुमाल उचलला आणि त्याची घडी घातली. दशांशला वाटलं, या बाईला काहीतरी ठाऊक आहे. एकोणीस वर्षांत ताईंना उत्तर टाळताना कोणी पाहिलं नव्हतं, असं सगळे सांगायचे.

"तू कोणाची गं?" आईने दशांशला विचारलं.

"काकांची पुतणी."

"चांगला माणूस आहे," आई म्हणाली. तिला काका आठवत होते की नाही देव जाणे. "किती वाजले?"

त्याच शनिवारी संध्याकाळी परत येऊन, सगळे गेल्यावर, दशांशने डोकं चालेनासं झालं की ती जे करायची ते केलं. परत सगळं मोजलं. लेथ एक. चाकं दोन. टेबलं चार. खुर्च्या सहा. घंटा एक. स्टुलं चार.

परत मोजलं. चारच. दोन पायांचं धरूनही साडेचार.

पाचवं तिला तिसऱ्या खोलीत सापडलं, कपाटाआड, भिंतीला टेकवून. ताई स्क्रूवर खालीवर होणाऱ्या खुर्चीवर बसतात, त्यांना स्टूल लागत नाही. आणि खिडकीच्या कठड्यावर चहाच्या पेल्याचे गोल डाग होते. तिने ते मोजायला घेतले आणि नऊवर थांबली.

रविवारी ती काकांकडे जेवायला गेली. काका आत झोपले होते. काकू खुशीत होत्या. "दहा वर्षं कानीकपाळी ओरडत होते, चाला, चाला. आता ऐकलंय बाई! साडेपाचला घराबाहेर, पावणेआठला परत. नवे बूटसुद्धा आणलेत."

"रोज जातात?"

"रोज. म्हणजे सुरुवातीला दोन दिवस माझी बहीण आली होती, तेव्हा जमलं नाही. आणि गेल्या सोमवारी गुडघा धरला होता. एवढे तीन दिवस सोडले तर रोज!"

दशांशने ताटातला घास तसाच ठेवला. बाद नाही, चांगले तीन दिवस. दोन सुरुवातीचे, एक सोमवार.

दुसऱ्या दिवशी सहाला दहा कमी असताना ती इमारतीच्या जिन्यात होती. जिन्यात दिवा नव्हता. मोबाइलच्या उजेडात तिने पायऱ्या मोजल्या, अडतीस भरल्या. तिसऱ्या खोलीच्या दाराला वीतभर काच होती, तिच्यातून आतलं दिसत होतं. ताई तराजूपुढे पाठमोऱ्या. त्यांच्या मागे दीड मीटरवर पाचव्या स्टुलावर काका. पायांत नवे कॅनव्हासचे बूट, हातात वाफाळता चहा, कपाळावर चालून आल्याचा घाम. आवाज होऊ नये म्हणून त्यांनी खांदे आवळून घेतले होते आणि श्वाससुद्धा तोंडाने, हळूहळू सोडत होते. देवळात बसावं तसे बसले होते.

आपलं, त्यांचं, त्यांचं, आपलं. दहावी फेरी झाली. काकांनी मान वळवली आणि दचकले. मग दाराशी येऊन, एक फट उघडून, दबक्या आवाजात डाफरले, "आत येऊ नको! पाटी वाचता येत नाही का?"

"येते की वाचता. म्हणून बाहेर उभी आहे. काका, आत माणसं किती आहेत?"

"एक."

"आणि तुम्ही?"

"मी कुठे माणूस? मी तर..." काका थांबले. पाटीकडे बघितलं. अक्षर त्यांचंच होतं.

तिने तापमापकाची रेघ दाखवली. कुठले नऊ दिवस, कुठले तीन. काकूंची बहीण, गुडघा. इमारतीची थंड हवा बंद, खोली एवढीशी, आणि एक किलोमीटर चालून आलेला, घामेजलेला, अठ्ठ्याहत्तर किलोचा माणूस दीड मीटरवर. त्याच्या अंगाची ऊब वर चढते, हवा हलते, पारडं डुलतं.

"मी नजर ठेवायला नव्हतो येत," काका म्हणाले. कान लाल झाले होते. "आधी तुला हे सांगतो. एवढ्या मोठ्या इमारतीत, अंधारात, बाई माणूस एकटं. मी तिथे परवानगी देऊन बसलो आणि इकडे झोप लागेना. म्हटलं, नुसतं बसावं. सोबत. तुला सांगू नको म्हणून मीच बजावलं ताईला. तू माझीसुद्धा नोंद केली असतीस."

"केलीच आहे."

काका ताईंकडे वळले. "आणि तू! तू माशी शिरली तर मोजणं बाद करतेस. तुला कळलं नसेल?"

"तिसऱ्याच दिवशी कळलं," ताई म्हणाल्या. चिमटा चामड्यावर नीट ठेवला. "रोज ठरवायचे, आज सांगू. पण ज्यांनी हातात चिमटा दिला त्यांना कसं म्हणू, काका, तुमच्यामुळे आकडे हलतात? तुम्ही चहा अर्धा माझ्यासाठी ठेवायचात. त्यापेक्षा महिना संपला की मीच जाणार होते."

"म्हणून नोकरी सोडणार होतीस? मला बाहेर बसा म्हणण्यापेक्षा?"

ताईंनी तराजूच्या पेटीची काच लावून घेतली.

काकांनी कपाळाला हात लावला. मग तो हात तसाच ठेवून, जे काका आयुष्यभर विचारत आले होते तेच विचारलं. "किती?"

"काय किती?"

"माझ्यामुळे किती? उगाच आळ नको. मोज."

मग त्या आठवड्यात काका स्वतःच तपासायची वस्तू झाले. एक दिवस आत, एक दिवस बाहेर. आत असताना पसारा शून्य पूर्णांक अठरा, बाहेर असताना शून्य चार. काकांना ते पटेना. "चहाशिवाय बसवून बघ." चहाशिवाय शून्य पूर्णांक पंधरा.

"म्हणजे तीन चहाचे!" काका जिंकल्यासारखे म्हणाले.

"आणि पंधरा तुमचे," नाना म्हणाले. नाना त्या दिवशी मुद्दाम सहाला आले होते, असली मजा चुकवणं त्यांना जमणारं नव्हतं. "मालक, एवढं वजन तुमच्या बोलण्याला कधी आलं नव्हतं."

सगळे हसले. काकाही हसले, पण जरा उशिरा. मग स्टुलावर बसून बुटांच्या नाड्यांशी चाळा करत म्हणाले, "थोडक्यात, मी नसलो की कंपनी बरी चालते."

"तुम्ही दाराबाहेर असलात की," ताई म्हणाल्या. "नसलात की नाही. जिन्यात दिवा नाही, काका. अडतीस पायऱ्या मी जीव मुठीत धरून चढते. मग जिन्यात तुमच्या त्या नव्या बुटांचा आवाज आला की बरं वाटतं."

काका नाड्या बांधायचे थांबले. "मग तसं सांगावं ना माणसाने."

पाचवं स्टूल जिन्याच्या वळणावर, दारापासून अकरा मीटरवर गेलं. तिथली फरशी उंचसखल होती, स्टूल डुगडुगायला लागलं. ताईंनी पिशवीतून एक पाकीट काढलं, त्याची चौपदरी घडी घातली आणि आखूड पडणाऱ्या पायाखाली सरकवली.

"काय आहे ते?" काकांनी विचारलं.

"रद्दी," ताई म्हणाल्या. दशांश छताकडे बघत राहिली.

नंतर काकांनी पेन काढून दारावरच्या पाटीत भर घातली. 'वजन चालू असताना आत एकच माणूस', आणि खाली, जरा बारीक अक्षरात: 'मालकसुद्धा बाहेर.' घंटा नऊलाच वाजत राहिली, पण सहा जणांसाठी, आणि ताई अडतीस पायऱ्या उतरून रस्त्याला लागल्याचं खिडकीतून दिसल्यावर. बुधवारी मात्र अकराला ताई आईला घेऊन यायच्या, तासभर सगळे एकत्र बसायचे. आई घंटेखाली खुर्चीवर बसून वेळ विचारायची. पॉलिशवाले दोघे भाऊ पाळीपाळीने सांगायचे. दुसऱ्याच बुधवारी धाकट्या भावाने हळूच विचारलं की त्याच्या बायकोची संध्याकाळची शाळा असते, त्याने सकाळी लवकर येऊन चारला गेलं तर चालेल का. काकांनी आधी घंटेकडे बघितलं. "दशांश," ते म्हणाले, "याचं काय मोजावं लागेल ते बघ."

बंद वजन महिनाअखेर आलं. डबी खोलीत एक रात्र ठेवली, म्हणजे तिचं आणि खोलीचं तापमान एक होईल. दुसऱ्या दिवशी पहाटे ताई आत, काका जिन्यात, दशांश काकांवर लक्ष ठेवायला दोन पायऱ्या खाली. आतून दाराआड काही ऐकू येणं शक्य नव्हतं. तरी काका ओठ हलवत होते: आपलं, त्यांचं, त्यांचं, आपलं. मध्ये एकदा ते उठले. दशांशने नुसतं बोट वर केलं. ते बसले.

ताईंनी उत्तराखाली सही केली, वहिनींनी ते टपालात टाकलं, आणि तीन आठवडे काका 'शून्य पूर्णांक शून्य पाचच्या आत' असं पुटपुटत टपालवाल्याला जिन्यातच गाठत राहिले.

पाकीट आलं तेव्हा सकाळचे अकरा वाजून गेले होते. वहिनींनी फोडलं, काकांना दिलं. काकांनी चष्मा लावला, काढला आणि कागद दशांशच्या हातात दिला. "तूच वाच. मला अक्षरं हलताना दिसतात."

"तुम्ही जवळ उभे आहात म्हणून," नाना म्हणाले. पण लेथ त्यांनी बंद केला होता. दोन्ही चाकंही थांबली होती.

वहिनींनी ताईंना फोन लावून टेबलावर ठेवला. पलीकडून आधी आईचा आवाज आला, किती वाजले, आणि मग ताईंचा, अकरा सात, आई.

"ताई, ऐकताय ना?" दशांशने विचारलं.

"वाच गं."

तिने वाचलं.

"आपलं माप, शंभर पूर्णांक शून्य शून्य शून्य दोन एक ग्रॅम. त्यांचं माप, शंभर पूर्णांक शून्य शून्य शून्य एक नऊ ग्रॅम. फरक, शून्य पूर्णांक शून्य दोन मिलिग्रॅम."